घोलवडच्या वाडीतलं जर्मन लग्न

डहाणूला लोक समुद्र बघायला जातात, चिकू खायला जातात. मी गेले एका जुन्या जर्मन सिनेमाच्या मागे, आणि परत आले ती मान खाली घालून. तेव्हा समुद्राचं वर्णन वाचायला बसला असाल तर आधीच सांगते, या लेखात समुद्र फारसा नाही. माझी फजिती आहे, आणि फजिती म्हणणंही स्वतःला जरा सवलत देण्यासारखंच आहे.

मी पुण्यात जर्मन शिकवते. जन्म गेला त्यात. २०१७ सालच्या शेवटी जर्मनीतल्या, जुन्या चित्रपटांची डागडुजी करणाऱ्या मंडळींनी मला एक काम दिलं. महायुद्धानंतर दहा-बारा वर्षांनी निघालेला एक प्रेमाचा, हसवणारा सिनेमा होता. त्याला इंग्रजी-मराठी उपशीर्षकं द्यायची, आणि त्यातला काही भाग आपल्याकडे चित्रित झालेला असल्यामुळे कुणाला त्या चित्रीकरणाचं काही आठवतंय का ते बघून यायचं. सिनेमाचं नाव मी इथे देत नाही. माझ्यामुळे कुणी तो शोधून बघावा असं आता वाटत नाही.

गोष्ट अशी. कारखानदाराची लाडावलेली मुलगी ठरलेलं लग्न मोडून थेट हिंदुस्थानात पळून येते, एका फळबागेच्या तिरसट व्यवस्थापकाशी भांडते, आणि एका गोंधळात दोघांचं 'जंगली' पद्धतीने लग्न लागतं. मग अर्धा सिनेमा त्या लग्नातून सुटायची धडपड. शेवटी दोघं जर्मनीत परततात आणि चर्चमध्ये 'खरं' लग्न करतात. तिकडे तेव्हा शहरं अजून धड उभी राहिली नव्हती. लोकांना ऊन बघायचं होतं, हसायचं होतं. मीही उपशीर्षकं लिहिताना खळखळून हसले. हे लिहायला लाज वाटते, पण हसले.

घोलवड, गुरुवार

फेब्रुवारी होता. डहाणू स्टेशनवर मला घ्यायला दिनेश सर आले होते. सायवनच्या पुढे एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, स्वतः तिथल्याच पाड्यातले, वारली. माझ्या एका विद्यार्थिनीने त्यांचा नंबर दिला होता. चाळिशीचे, मितभाषी. मी स्टेशनपासून जी बोलायला लागले ती घोलवड येईपर्यंत थांबले नाही, आणि ते फक्त 'हो मॅडम' करत गाडी चालवत होते. मला वाटलं, माणूस बुजरा आहे. बुजरा वगैरे काही नव्हता, मीच त्याला बोलायला फट ठेवली नव्हती.

ज्या वाडीत चित्रीकरण झालं ती अजून आहे. चिकूची झाडं इतकी दाट की दुपारी दोनला खाली सावलीत गारवा. बाया झाडाखाली बसून चिकू निवडून खोक्यांत भरत होत्या, हाताने नुसतं चाचपून मोठा-लहान वेगळा करत होत्या. वाडीचे शेठ ऐंशीच्या पुढचे, बोलताना निम्मं गुजराती. त्यांनी आधी बशीभर चिकू पुढे केले. मी हावरटासारखे सात खाल्ले, त्यातले दोन कच्चे निघाले, आणि संध्याकाळपर्यंत माझी जीभ टाळूला चिकटून होती.

शेठनी सिनेमाच्या आठवणी काढल्या तेव्हा ते तरुण झाले. म्हणाले, दिग्दर्शकाने वाडी बघितली आणि कपाळावर हात मारला. चिकू त्याला बटाटा वाटला! आमच्या लोकांनी लढाईत बटाटेच खाल्लेत, आता पडद्यावरही बटाटेच दाखवू का, असं म्हणाला म्हणे. मग मुंबईहून कागदाच्या लगद्याची संत्री करून आणली, नारिंगी रंग दिला आणि चिकूच्या झाडांना दोऱ्याने बांधली. तिसऱ्या दिवशी वारा सुटला आणि अर्धी संत्री विहिरीत. नायिकेला ऊन सोसेना, तिच्यासाठी बर्फाची लादी यायची, तिच्यावर पाय ठेवून ती संवाद म्हणायची. वीज पुरायची नाही म्हणून ट्रकभर मोठा जनरेटर आणला होता, त्याची घरघर इतकी की माणूस कानाशी बोंबलला तरी ऐकू येत नसे. सगळे आवाज मागाहून तिकडे जर्मनीत भरले.

मी हे भराभरा वहीत उतरवत होते. मग शेठनी लग्नाच्या प्रसंगाची गंमत सांगितली. सायवनकडच्या एका पाड्यातून ट्रक भरून माणसं आणली होती आणि लग्न लावायला एक बाई. पण बाई ऐन वेळी अडून बसली. खोटं लग्न लावणार नाही म्हणाली. मग वाडीच्या मुकादमाने तिला सांगितलं की साहेब आणि मडम खरोखरचं लग्न करतायत. झालं, बाई उठली आणि लावलं लग्न. शेठ हसले. मीही हसले. दिनेश सर उठून गाडीपाशी गेले.

आम्ही परत निघालो. मग शाळेत धडा समजावतात तसं, न चिडता, त्यांनी मला समजावलं. आमच्यात भटजी नसतो, लग्न बाई लावते, तिला धवलेरी म्हणतात. ती भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिलेल्या देवचौकापुढे बसून लग्नाचं गाणं म्हणते आणि त्या गाण्यानेच लग्न लागतं. म्हणून ते गाणं गमतीत, दाखवायला कुणी गात नाही. गायलं की लागलं. त्या बाईने सिनेमासाठी गाणं म्हटलं अशी बोंब झाली आणि नंतर तिला कुणी लग्नाला बोलावलं नाही. तिने लावलेली लग्नं टिकायची नाहीत असं लोक म्हणायला लागले. ती मेली तरी ते बोलणं मेलं नाही. तिची मुलगी, देवकीआजी, आता सत्तरी ओलांडलेली; आईकडून सगळी गाणी शिकलेली, पण तिलाही कुणी विचारत नाही. आणि आता तिच्या सख्ख्या नातीचं लग्न आहे, येत्या बुधवारी. तलासरीकडचे व्याही म्हणतायत, धवलेरी आम्ही दुसरीकडून आणू.

मला माझ्या भाचीचं लग्न आठवलं. फोटो नीट आला नाही म्हणून फोटोग्राफरने तिला तीनदा हार घालायला लावला, आणि भटजी घड्याळ बघत मंगलाष्टकं पुढे रेटत होते. आमच्याकडे गाणं खोटं की खरं हा प्रश्नच कुणाला पडला नसता. तरी मी दिनेश सरांना सहज म्हणून सांगितलं, की नायकाला तेव्हा घरी बायको आणि मुलं होती, आणि नायिकेने पुढे एका दातांच्या डॉक्टरशी लग्न केलं. त्यांनी मान हलवली. ते लग्न खोटं होतं हे त्यांनी आधीच धरलेलं असणार.

सायवनच्या पुढे, शुक्रवार

डांबरी रस्ता संपल्यावर मी चप्पल तोडून घेतली आणि पाड्यावर एका पायाने लंगडत पोचले. देवकीआजींनी मला आधी पाणी दिलं, मग स्वतःच्या पायातल्या रबरी चपला काढून माझ्यापुढे ठेवल्या. नको नको म्हणत घातल्या. जेवायला नागलीची भाकर, उडदाचं वरण आणि सुक्या बोंबलाची चटणी. चटणीने डोळ्यांतून पाणी आलं आणि आजूबाजूच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी दुसरी भाकर मागितली तेव्हा कुठे त्यांनी मला माणसात धरलं.

आजी लहानखुऱ्या, काळ्यासावळ्या, डोळे बारीक करून बघणाऱ्या. मराठी चांगलं बोलायच्या, अडलं की दिनेश सर सांगायचे. चित्रीकरणाच्या वेळी त्या दहा-बारा वर्षांच्या होत्या. त्यांना आठवत होता तो जनरेटर. पाड्यातल्या सगळ्यांना दोरीच्या पलीकडे उभं केलं होतं, आई एकटी आत. तिच्यामागे बसलेल्या बायासुद्धा सिनेमावाल्यांनी मुंबईहून आणलेल्या. घरघरीत आईचा शब्दही ऐकू आला नाही, नुसतं तोंड हलताना दिसलं, तेही लांबून. आई पुढे एवढंच म्हणायची, मी खोटं गायले नाही. त्याच्यापुढे कधी बोलली नाही.

मी टॅब काढला आणि तो प्रसंग लावला. दोन मिनिटांचा आहे. नायक-नायिका मुंडावळ्या बांधून गोंधळलेल्या तोंडाने बसलेत, मागे चिकूची झाडं आणि कागदी संत्री, आणि पुढे ती बाई. वर जर्मनीत भरलेला बँडबाजा. बाई गाताना प्रत्येक ओळीच्या शेवटी ओठांचा चंबू करते आणि उजवा हात डोक्यावरून फिरवून समोर झटकते. ही झटक जर्मनांना इतकी आवडली की शेवटी चर्चमध्ये नायक-नायिका एकमेकांकडे बघून तीच करतात आणि सगळं चर्च हसतं.

आजींनी आपली साठ वर्षांपूर्वीची आई पाहिली. तिचा एकही फोटो कुणाकडे नव्हता. त्यांनी काचेला हात लावला तर चित्र थांबलं. घाबरून त्यांनी हात मागे घेतला. मी पुन्हा लावलं. मला त्या क्षणी स्वतःचं फार कौतुक वाटलं, हे कबूल करायला हवं. मी केवढी मोठी देणगी घेऊन आले आहे या लोकांसाठी, असं काहीतरी मनात चाललं होतं.

मग त्यांनी विचारलं, "ती दोघां नांदली का?"

सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. नातसुद्धा, जिचं लग्न होतं ती, दारात येऊन उभी राहिली. मला दिनेश सरांनी सांगितलेलं सगळं आठवलं. ती दोघं खरोखर नवराबायको झाली असतील, तर आईने गायलेलं खरं. आणि आईचं गाणं खरं, तर आजी बुधवारी नातीच्या लग्नात गाऊ शकतात. मला वाटलं, माझ्या एका शब्दाने होण्यासारखं आहे. कुणाचं काय बिघडतं? इथे कोण जर्मनीला जाऊन विचारणार आहे?

"हो आजी," मी म्हटलं. "चांगली नांदली."

"पोरां किती?"

"तीन."

त्यांनी नावं विचारली. तोंड उघडलं की थांबत नाही हा माझा जुना रोग. पीटर, मोनिका आणि साबीना, मी सांगून मोकळी झाले. आमच्या जर्मनच्या पुस्तकात पहिल्या धड्यात जे कुटुंब आहे ना, त्यातली ही मुलं. दरवर्षी साठ पोरांकडून घोकून घेते, तीच जिभेवर आली.

दिनेश सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. बायांनी त्यांना आपल्या बोलीत विचारलं, ही काय म्हणते. त्यांनी क्षणभर थांबून ते त्यांना सांगितलं. बायांमध्ये आनंद झाला. कुणीतरी नातीला जवळ ओढलं. आजींचे डोळे भरून आले आणि त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

त्यानंतर त्यांनी मला तो बाजा बंद करायला सांगितला. मी आवाज घालवला. त्यांनी टॅब मांडीवर घेतला आणि तोच प्रसंग पुन्हा बघितला, आणि पुन्हा, आणि पुन्हा. त्यांचे स्वतःचे ओठ हलत होते. पाचव्या की सहाव्या वेळेला त्या थांबल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. मी विचारलं, काय झालं? म्हणाल्या, काही नाय, डोळे म्हातारे झाले. टॅब परत दिला आणि चुलीकडे गेल्या.

परतीच्या वाटेवर दिनेश सरांनी गाडी बाजूला घेतली. ते आवाज न चढवता म्हणाले, "मॅडम, तुम्ही बोललात ते तुमचं. पण पाड्याला ते मी सांगितलं. आता ते माझ्या तोंडचं झालं."

मी म्हटलं, पण आजींचं भलं होतंय ना. ते म्हणाले, हो, मुकादमालाही तसंच वाटलं असेल. डहाणूला पोचलो. हॉटेलात माझ्यासाठी तळलेला पापलेट आला. मला मासे जीव की प्राण. पण तो तसाच परत पाठवला.

विवळवेढे, शनिवार

शनिवारी आजींना तलासरीकडे व्याह्यांकडे घेऊन जायचं ठरलं होतं. तिथे त्या सगळ्यांना सांगणार होत्या की लग्न खरं होतं, आणि पुराव्याला मी बरोबर. वाटेत विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या देवळापाशी थांबायचं असं त्यांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. धुतलेलं लुगडं नेसून, पिशवीत नारळ घेऊन त्या मागच्या सीटवर बसल्या होत्या. माझ्या पायात त्यांच्याच चपला आणि त्या अनवाणी.

यात्रेचे दिवस नव्हते, देवळाच्या आवारात गर्दी नव्हती. दुकानं निम्मी बंद. पलीकडे हायवेवरून ट्रक जात होते. पायरीपाशी आजी थांबल्या आणि मला म्हणाल्या, नावं पुन्हा सांग, बरोबर घ्यायला हवीत. मग त्यांनी स्वतःच म्हणून बघितलं. पीटर. मोनिका. साबीना.

ती नावं त्यांच्या तोंडून ऐकली आणि समोर काय चाललंय ते मला दिसलं. बाई अनवाणी उभी आहे आणि माझ्या क्रमिक पुस्तकातल्या पोरांसाठी देवीला नारळ वाहायला निघाली आहे. मी तीस वर्षं मास्तरकी केली, कॉपी करणाऱ्यांना वर्गाबाहेर काढलं, आणि इथे येऊन हे केलं. मी पायरीवर बसले.

"आजी, नारळ वाहू नका," मी म्हटलं. "ती मुलं नाहीत. मी खोटं बोलले. त्या दोघांनी लग्नच केलं नाही."

दिनेश सर दोन पावलं मागे उभे होते. ते पुढे आले नाहीत.

आजींनी विचारलं, "एक पण पोर नाय?"

"एकही नाही."

त्या माझ्या शेजारी बसल्या. नारळ मांडीत ठेवला. मला वाटलं आता रडतील, शिव्या देतील, उठून निघून जातील. काहीही चाललं असतं. त्या म्हणाल्या, "मग मी बरोबर पाहिलं."

मग त्यांनी जे सांगितलं ते दिनेश सरांनासुद्धा ठाऊक नव्हतं. काल बाजा बंद केल्यावर त्यांनी आईचे ओठ पाहिले होते. लग्नाचं गाणं तसं नसतंच. ओळीच्या शेवटी ओठांचा चंबू होतो तो 'हुर्रर्र' म्हणताना, आणि हात डोक्यावरून फिरतो तो गोफण मारताना. आई गात होती ते भात पिकलं की पाखरं हाकलायला गातात ते गाणं. उड रे पाखरा उड, हा भात तुझा नाय. पोट भरला ना तुझा, जा आपल्या देसाला. मुकादमावर तिचा विश्वास बसलाच नव्हता. जनरेटरच्या घरघरीत कुणाला काही ऐकू येणार नाही हे तिने ओळखलं आणि त्या गोऱ्या नवरानवरीला समोर बसवून पाखरं हाकलली. पुढे कुणाला सांगितलं नाही, कारण शेठच्या कानावर गेलं असतं तर अख्ख्या पाड्याचं वाडीतलं काम सुटलं असतं. स्वतःचं नाव जाऊ दिलं आणि गप्प राहिली.

मी म्हटलं, मग काल का नाही बोललात?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांगितलंस तीन पोरां झाली. लगीन लागल्याशिवाय कशी होतील? म्हणजे आयस लग्नाचंच गायली असेल, मलाच चुकीचं दिसलं, असं वाटलं. एवढी शिकलेली बाय खोटं कशाला बोलेल?" त्या पुढे म्हणाल्या, "तुझ्या शब्दावर मी माझ्या आयशीवर शक घेतला."

साठ वर्षांनी जी गोष्ट त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी शोधून काढली ती मी माझ्या शहाणपणाने हिसकावून घेतली होती, वर पुण्य केल्यासारखी मिरवत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय मागे घेतले, असं करू नये म्हणाल्या, इथे देवी बसली आहे.

नारळ आणला होता तो त्यांनी आईच्या नावाने वाहिला. प्रसादाचा तुकडा मलाही दिला. मी तो गाडीत बसून खाल्ला.

तलासरीच्या बाजूला, शनिवार दुपार

व्याह्यांचं घर हायवेपासून आत, टेकडीच्या अलीकडे. अंगणात आंब्याखाली वीस-पंचवीस माणसं जमली होती. नवऱ्या मुलाचा आजा मध्यभागी बाजेवर. पंच्याऐंशीचा असेल, पण ताठ. दुसरी धवलेरी आणायचं त्यानेच ठरवलं होतं.

आजींनी मला आधी बोलायला लावलं. काल काय बोललीस ते सांग आणि खरं काय ते सांग, एवढंच म्हणाल्या. वर्गात शंभर डोळे माझ्यावर असतात, मला काही वाटत नाही. पण त्या अंगणात माझे शब्द एकमेकांत अडकायला लागले. मी खोटं बोलले, असं मी मराठीत सांगितलं आणि दिनेश सरांनी ते त्यांच्या बोलीत सांगितलं. या वेळी ते अडखळले नाहीत. कुणी हसलं नाही, कुणी रागावलंही नाही. एका बाईने मला बसायला पाट दिला, त्याने तर मी आणखीच कानकोंडी झाले.

मग टॅब बाजेवर ठेवला, आवाज बंद. चित्र सुरू झालं आणि देवकीआजी शेजारी उभ्या राहून गायला लागल्या. शब्द न् शब्द ओठांवर बसत होता. आई चंबू करायची तिथे यांचा हुर्रर्र, तिचा हात उठायचा तिथे यांचा हात. आजाने पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्या वेळी अर्ध्यातच त्याचा स्वतःचा हात उठला आणि गोफणीसारखा फिरला.

"पाखरांचा गाणा," तो म्हणाला.

मग अंगणभर हशा पिकला. साहेब आणि मडम मुंडावळ्या बांधून हात जोडून बसलेत आणि समोर बाई त्यांना शेतातून हाकलते आहे! पोटं धरधरून हसले लोक. मीही हसणार होते. तेवढ्यात नवऱ्या मुलाच्या बहिणीने, दहावीतली असेल, चित्राखाली काय लिहिलंय म्हणून विचारलं आणि स्वतःच इंग्रजी अक्षरं जुळवून वाचलं. 'ट्रायबल वेडिंग साँग', म्हणजे आदिवासी विवाहगीत. हे कुणी लिहिलं, असं तिने विचारलं.

मी लिहिलं होतं. ते गाणं मी पन्नास वेळा तरी थांबवून थांबवून पाहिलं होतं, बाईच्या तोंडाखाली अक्षरं नीट बसावीत म्हणून. ती काय गाते हे कुणाला विचारावं असं एकदाही मनात आलं नाही. 'मी लिहिलं,' असं मी त्या मुलीला सांगितलं. परत आल्यावर मी तिकडच्या मंडळींना ती ओळ बदलायला लावली. आता तिथे गाण्याचे शब्द आहेत, आजींनी सांगितले तसे. ते करणं म्हणजे काही मोठेपणा नव्हे.

सिनेमासाठी लग्नाचं गाणं गायलंच गेलं नव्हतं, हे आता सगळ्या अंगणाला कळलं होतं. आजाने तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि देवकीआजींना विचारलं, चौक लिहायला कधी येशील? मंगळवारी येते, आजी म्हणाल्या. एवढंच. साठ वर्षांचा वाद एवढ्या दोन वाक्यांत मिटला. कुणी आजींची माफी मागितली नाही, त्यांनीही कुणाकडून अपेक्षा केली नाही. नातीच्या लग्नात त्या गाणार हे ठरलं आणि लोक चहाकडे वळले.

निघताना आजींनी मला लग्नाला थांब म्हणून सांगितलं. मी लगेच म्हटलं, नाही हो आजी, माझ्या मुलांची परीक्षा आहे सोमवारपासून. परीक्षा नव्हती. तोंडातून गेलं आणि मला ते ऐकू आलं. दिनेश सर खाली बघत होते.

"परीक्षा नाही," मी म्हटलं. "खोटं बोलले. मला इथे थांबायची लाज वाटते, आजी."

त्यांनी माझा दंड धरला. हात लाकडासारखा कडक होता. "लाज वाटते तर थांब," त्या म्हणाल्या. "चौकाला तांदूळ कुटायचे आहेत. माणसं कमी आहेत."

मी थांबले. रविवारी आणि सोमवारी मी पाड्यावर तांदूळ कुटले. नात समोर बसून पीठ चाळत होती आणि माझं कुटणं जाडंभरडं होतंय म्हणून दोनदा परत कुटायला लावलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही तळहातांना फोड आले. ते कुणी पाहिले नाहीत, आणि मी दाखवले नाहीत.